बारीक माणसाला शुगर काहून होते?

(एपिसोडमध्ये जे बोललो त्याचं हे लिखित रूप. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

हेडफोन लावून एसटीत बसला असाल, हॉस्टेलच्या खाटेवर पडला असाल, नाहीतर ग्राउंडवर चालत असाल. चालत असाल तर उत्तमच. का ते पुढे कळेलच.

गेल्या काही आठवड्यांत एकाच अर्थाचे बरेच मेसेज आले. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच. "बाबा आयुष्यभर शेतात राबले. अंगावर चरबी म्हणून नाही. चहा सोडला तर गोड खात नाहीत. तरी रिपोर्टमध्ये शुगर निघाली. काहून?"

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. कोणती गोळी घ्या, कोणती सोडा, हे मी सांगणार नाही. पण मी घाटंजीचा आहे आणि सध्या पुण्यात राहतो, आणि या प्रश्नाचं एक टोक घाटंजीत आहे, दुसरं पुण्यात. म्हणून आज यावर बोलायचं ठरवलं.

घाटंजीत बसस्टँडवर कोणालाही विचारा, शुगर कोणाला होते? उत्तर ठरलेलं आहे. ज्याचं पोट सुटलं, जो दिवसभर गादीवर बसून असतो, जो मिठाई खातो त्याला. म्हणजे शेठ लोकांचा रोग. आमच्या ओळखीतले एक काका होते, काडीसारखे. तपासा म्हटलं की म्हणायचे, "मले कशी होईन शुगर बाप्पा? माह्या अंगात आहे का काही?" त्यांची शुगर पहिल्यांदा तपासली गेली ती पायाची जखम दोन महिने भरेना तेव्हा. तोवर किती वर्षं ती आत काम करत होती, कोणास ठाऊक.

तर आज मला मुळात एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे बारीक असणं म्हणजे शुगरपासून सुटका नाही. उलट काही माणसांच्या बाबतीत बारीकपणाची आणि शुगरची मुळं एकाच जागी असतात. आणि ही गोष्ट जगाला दाखवून देणारं मोठं काम आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांमध्ये झालं आहे.

किती लोकांना आहे?

आयसीएमआरचा इंडियाब नावाचा देशभरातला मोठा अभ्यास आहे. त्याचे सगळ्या राज्यांचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत, ज्याला प्रीडायबेटिस म्हणतात. याच अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्राचे आकडे आले होते. शहरांत शंभरात जवळपास अकरा प्रौढांना, आणि खेड्यांत शंभरात सहा-सात जणांना. खेड्यांत! म्हणजे हा फक्त पुण्या-मुंबईचा विषय तेव्हाही नव्हता.

आत नेमकं काय बिघडतं?

पोळी खा, भाकर खा, भात खा, आलूबोंडा खा. पोटात गेल्यावर त्यातल्या पिठाचं शेवटी ग्लुकोज होतं आणि ते रक्तात येतं. रक्तातून ते स्नायूंमध्ये, यकृतात, चरबीच्या पेशींमध्ये जायला हवं. तिथलं दार उघडायला इन्सुलिन लागतं. आणि हे इन्सुलिन स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात.

मला हे माझ्या धंद्याच्या भाषेत लवकर समजलं. सर्व्हर कधी बसतो? एक, ट्रॅफिक खूप वाढलं तर. दोन, सर्व्हरची मुळातली क्षमताच कमी असेल तर. ट्रॅफिक म्हणजे शरीराची इन्सुलिनची मागणी. पोटाच्या आत, यकृतात, स्नायूंत नको तिथे चरबी साठली की पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. मग तेवढ्याच कामाला जास्त इन्सुलिन लागतं. क्षमता म्हणजे बीटा पेशी किती आहेत आणि किती ताण सोसू शकतात. मागणी क्षमतेच्या वर गेली की साखर रक्तात साठायला लागते. मोठेपणी होणारा मधुमेह, म्हणजे टाइप टू, तो हाच.

आता यातून दोन गैरसमज निघून जातात. पहिला, "गोड खाल्लं म्हणून शुगर झाली." थेट तसं नाही. गोड, मैदा, कोल्ड्रिंक जास्त झालं की चरबी वाढते, मागणी वाढते, हे खरं. रोज कोल्ड्रिंक पिणाऱ्याला धोका जास्त, हेही खरं. पण गोड न खाणाऱ्याला शुगर होत नाही असं अजिबात नाही. दुसरा गैरसमज, "जाड असेल त्यालाच होते." ज्याचा सर्व्हर मुळातच लहान आहे, तो थोड्या ट्रॅफिकलाही बसतो. तो माणूस दिसायला बारीकच असू शकतो.

मग पुढचा प्रश्न साहजिक आहे. आपला सर्व्हर लहान का?

एक फोटो, दोन डॉक्टर

पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षं मधुमेहावर काम केलं. त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. कागदावर दोघेही एकदम फिट.

मग दोघांच्या शरीरातली चरबी यंत्राने मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखेच, पण आत दुपटीहून जास्त फरक! त्यात गंमत अशी की युडकिन मॅरेथॉन पळणारे, आणि याज्ञिकांची धाव हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यापुरती, असं त्यांनी स्वतःच मिश्किलपणे नोंदवलं होतं. म्हणजे फरकात व्यायामाचा वाटा होताच. पण सगळा फरक व्यायामाचा नाही, हे पुण्याजवळच्या खेड्यांत दिसलं.

२.७ किलोचं बाळ

१९९३ मध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. शेतकरी कुटुंबांतल्या बायांची गरोदर होण्याआधीपासून नोंद ठेवायची, गरोदरपणात त्या काय खातात, किती काम करतात ते लिहायचं, बाळ जन्मलं की त्याचं सगळं माप घ्यायचं, आणि मग त्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहायचं. त्या आया कशा होत्या? विशीच्या, ठेंगण्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. आपल्या आया-मावश्यांची लग्नाच्या वेळची फोटो आठवा, तशाच.

बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो. याच पद्धतीने मोजलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं होती सुमारे ३.५ किलोची. आपलं बाळ जवळपास ८०० ग्रॅमने कमी. इथपर्यंत धक्का बसण्यासारखं काही नाही. धक्का पुढे आहे. ते वजन कुठून कमी झालं होतं? स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी? पाठीवरच्या कातडीची घडी मोजली तर चरबी त्या मानाने फारशी घटलेलीच नव्हती. बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबीचं. याज्ञिक याला बारीक-जाड भारतीय बाळ म्हणतात.

याचा अर्थ लावला जातो तो असा. पोटात असताना अन्न कमी पडलं तर बाळाचं शरीर काटकसर करतं. मेंदूला आधी देतं. स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आणि अडीअडचणीला म्हणून चरबी राखून ठेवतं. दुष्काळात जगायला ही युक्ती बरोबर आहे. पण पुढे खायला भरपूर आणि हालचाल कमी असं आयुष्य मिळालं, तर हीच काटकसर अंगाशी येते. बांधकामाच्या वेळीच खोल्या लहान काढल्या, आणि नंतर घरात पाहुणे दुप्पट आले, असं समजा.

ही कल्पना फक्त पुण्याची नाही. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून जन्मलेल्या बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वही शोधून त्या बाळांना म्हातारपणी गाठलं. जन्माला हलके असलेल्या पुरुषांमध्ये साठी उलटल्यावर साखरेचा बिघाड जास्त सापडला. नेदरलँडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात भयानक उपासमार झाली होती. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीत आली तेव्हा त्यांच्यातही तेच दिसलं.

आणि पुण्याजवळच्या त्या मुलांचं काय झालं? ती १८ वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. जवळपास निम्म्या मुलामुलींचं वजन गरजेपेक्षा कमी होतं. म्हणजे किडकिडीत. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नॉर्मलच्या वर होती. अठराव्या वर्षी! बारावी पास व्हायचं वय आहे ते.

मला वाटतं, मेसेज पाठवणाऱ्यांच्या "काहून?"चं अर्धं उत्तर इथे आहे. तुमचे बाबा बारीक होते म्हणून वाचायला हवे होते, असं नाही. ते जन्मायच्या आधीच त्यांच्या वाट्याला कमी आलं होतं, असं असू शकतं. आजी त्या वर्षी काय खात होती, कोणाच्या शेतात कामाला जात होती, ते कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर

अर्धं म्हणालो, कारण लहान सर्व्हर असूनही आपले आजोबा लोक बहुतेक निभावून गेले. का? ट्रॅफिक कमी होतं म्हणून.

आमच्या भागाचंच बघा. डवरा, वखर, निंदण, सगळं हाताने आणि पायाने. शेत गावापासून दूर, तिथे चालत जायचं. ताटात ज्वारीची भाकर. आता ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीन विकायचं असतं, घरी भाकरीला येत नाही. ताटात भात आणि पोळी वाढली. निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली, शेतात जायला मोटरसायकल आली. यात वाईट काही नाही हं. कोणालाही पुन्हा चार किलोमीटर पायी पाठवायचं माझ्या मनात नाही, कष्ट कमी झाले ते चांगलंच. पण शरीराचा हिशेब बदलला, तो आपण ताळ्यात धरला नाही.

जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. स्नायू हलले की ते इन्सुलिनची फारशी वाट न बघताही साखर आत घेतात. आता विचार करा, ज्याच्याकडे जन्मापासूनच स्नायू कमी, तो दिवसभर बसला तर? गोदाम लहान, वर कुलूप.

आणि बसणारे आपण कोण? पुण्यात खुर्चीत दहा तास घालवणारे माझ्यासारखे. यवतमाळच्या अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा परीक्षेला बसणारे. गावात दुकान, सेतू केंद्र, मोबाइल रिपेअरिंग चालवणारे. हातपाय काडीसारखे आणि टी-शर्टखाली एक छोटीशी ढेरी. आपण तिला "पोट थोडं आलं" म्हणतो. ती ढेरीच मुद्द्याची आहे. हातापायावरच्या चरबीपेक्षा पोटाच्या आतली चरबी इन्सुलिनला जास्त अडवते.

याशिवाय धोका वाढवणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. आई-वडिलांना शुगर असणं. वय. गरोदरपणात आईला शुगर होणं. यात तिला स्वतःला पुढे धोका आणि त्या बाळालाही. पीसीओडी. वाढलेलं ब्लडप्रेशर. विडी-सिगारेट. कायम अपुरी किंवा उलटसुलट झोप. नाइट शिफ्टवाल्यांनो, ऐकताय ना? आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधं. यात सांधेदुखीवर कुठून तरी आणलेल्या, आत काय आहे ते माहीत नसलेल्या पुड्याही आल्या.

चला, बोटांवर मोजू

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या टीमने भारतीयांसाठी एक साधी गुणपत्रिका बनवली आहे. रक्त काढायची गरज नाही, फक्त टेप लागतो. मी सांगतो, तुम्ही मोजा.

वय ३५ च्या आत असेल तर शून्य. ३५ ते ४९, वीस गुण. पन्नाशी आणि पुढे, तीस.

कंबर. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत शून्य, ९० ते ९९ दहा, शंभर आणि पुढे वीस. बायकांची ८० च्या आत शून्य, ८० ते ८९ दहा, नव्वद आणि पुढे वीस. पँटचा नंबर सांगू नका, टेप लावा.

हालचाल. नियमित व्यायाम आणि शिवाय कष्टाचं काम, दोन्ही असेल तर शून्य. दोन्हींपैकी एक असेल तर वीस. दोन्ही नसेल तर तीस.

घराणं. आई-वडील दोघांनाही नसेल तर शून्य, एकाला असेल तर दहा, दोघांना असेल तर वीस.

बेरीज करा. तीसच्या आत म्हणजे धोका कमी, तीस ते पन्नास मध्यम, साठ आणि पुढे जास्त. इथे गुण जास्त मिळवून खूश व्हायचं नसतं, बरं का.

आता उदाहरण घेऊ. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, कंबर ९२, खुर्चीचं काम, व्यायाम नाही, वडिलांना शुगर. शून्य, दहा, तीस, दहा. झाले पन्नास. मध्यम. तो म्हणेल चला, ठीक आहे. पण तोच पोरगा काहीही न बदलता ३५ चा झाला की थेट सत्तर! नवीन काहीच केलं नाही, फक्त वाढदिवस केले. आणि त्याने मधल्या काळात कंबर नव्वदच्या आत आणली आणि रोजचा व्यायाम धरला, तर ३५ व्या वर्षीही पन्नासवरच राहतो. वय आणि वडील आपल्या हातात नाहीत. पण खेळायला चाळीस गुण आपल्या हातात आहेतच.

दुसरं उदाहरण मेसेजमधल्या बाबांचं घ्या. वय ५५, कंबर ८४, बारीक. गुडघे दुखतात म्हणून शेत ठोक्याने दिलं, आता घरीच असतात. आई-वडिलांना शुगर होती का? "नव्हती." तीस, शून्य, तीस, शून्य. साठ! कंबरेचा एकही गुण नसताना माणूस जास्त धोक्यात. आणि ते "नव्हती" म्हणजे काय, तर कधी तपासलीच नव्हती. त्या काळी खेड्यात कोण तपासत होतं?

ही गुणपत्रिका म्हणजे निदान नव्हे. तपासायला जायचं की नाही, एवढंच ती सांगते.

तपासणी कशी?

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, तर मधुमेह. बाकी त्रास नसेल तर डॉक्टर पुन्हा एकदा तपासून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४, तर उंबरठा.

विदर्भातल्या लोकांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर हिमोग्लोबिनवरून काढतात. आपल्याकडे सिकलसेल बरंच आहे आणि बायांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी. या दोन्हींमुळे हा आकडा चुकू शकतो, कमी किंवा जास्त दिसू शकतो. घरात सिकलसेल असेल किंवा रक्त कमी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, म्हणजे ते उपाशीपोटीची किंवा ग्लुकोज देऊन करायची तपासणी बघतील.

पैशांचं म्हणाल तर तीस वर्षांवरच्या लोकांची शुगर आणि बीपी तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात ना, कंबरेचं माप विचारतात, तो त्याचाच भाग. आई "मले काही नाही होत" म्हणून त्यांना परत पाठवत असेल तर तिला समजवा.

आणि लक्षणांची वाट पाहू नका. खूप तहान, वारंवार लघवी, वजन झरझर उतरणं, ही उशिराची लक्षणं आहेत. बरीच वर्षं काहीच जाणवत नाही. बारीक माणसाचं वजन उतरलं तर घरचे म्हणतात "कामाने सुकला", म्हणून इथे जास्त सावध राहा.

आणखी एक. बारीक माणसाचा प्रत्येक मधुमेह टाइप टूच असतो असंही नाही. कधी तो टाइप वन असतो, मोठ्या वयातही होतो. आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला टाइप फाइव्ह म्हणून मान्यता दिली. प्रकाराप्रमाणे उपचार बदलतात. म्हणून ग्रुपवर फिरणारा पाला आणि काढा घेऊन इन्सुलिन किंवा गोळी परस्पर बंद करू नका. हे जिवावर बेततं.

टाळता येतं का?

बऱ्याच अंशी, हो. फिनलंड आणि अमेरिकेत उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि व्यायामाची नीट मदत दिली, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी हाच प्रयोग भारतीयांवर केला, २००६ मध्ये निकाल आला. घट २८.५ टक्के. कमी आहे, पण आहे. आपलं शरीर वेगळं आहे आणि आपल्याला लवकर सुरुवात करावी लागेल, असा मी त्याचा अर्थ घेतो.

बारीक माणसाने काय करायचं? वजन उतरवायच्या मागे लागायचं नाही, स्नायू कमवायचे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका काढा, त्याला जिम लागत नाही. ताटातला भात आणि पोळी थोडी कमी करून वरण घट्ट करा. आपण तूर पिकवतो, पोत्यांनी विकतो, आणि घरचं वरण पाण्यासारखं! हे काही बरोबर नाही. अंडी, दूध, दही, चणे, मोड आलेली मटकी, ज्याला जे चालतं ते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या. गरोदरपणात ज्या बायांना जास्त कष्टाचं काम करावं लागलं त्यांची बाळं लहान झाली. आणि ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं चांगली भरली. बऱ्याच आयांना, साधारण तीनातल्या दोघींना, बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. म्हणून पुढे त्याच खेड्यांतल्या तरुण मुलामुलींना, ते आई-बाप व्हायच्या आधीच बी-१२ देऊन बघण्याचा प्रयोगही याज्ञिकांच्या टीमने केला. म्हणजे पुढच्या पिढीची शुगर टाळायची तर सुरुवात आजच्या सोळा वर्षांच्या पोरीपासून करायची.

आता दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे कापूस वेचायला कोण असतं ते आठवा. कमरेला ओटी बांधलेल्या बाया. त्यांच्यात कोणी चौथ्या-पाचव्या महिन्याची असते. सकाळी चहा पिऊन निघते, घरी सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरेल ते खाते. पन्नास वर्षांनी एखादा माणूस रिपोर्ट हातात घेऊन "मला काहून?" विचारेल, त्याची गोष्ट त्या शेतात सुरू झालेली असेल.

म्हणून या आठवड्यात दोन कामं करा. घरी फोन लावा, आई-बाबांचे गुण मोजा, साठच्या वर गेले तर तपासणीला पाठवा. बारीक असले तरी, नव्हे, बारीक असले तर नक्कीच. आणि घरात बहीण, वहिनी, बायको, जी कोणी असेल, ती सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल तर या रविवारपासून तिला सगळ्यांसोबत बसवा. वरण आधी तिच्या ताटात.

तुमचे गुण किती आले ते मेसेज करून कळवा, लाजू नका. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर काळजी घ्या, आणि आत्ता बसून ऐकत असाल तर उठा, एक चक्कर मारून या. राम राम!